बीवाडाची पट्टी

भाद्रपद वद्य दशमी, शके १८४१

गहिनीनाथनं घाटनांदूरच्या बाजारातून कोऱ्या कागदांची वही आणली. म्हणला, "आजे, तू लई बोलतीस. त्यातलं थोडं ह्यात लिही. आमचे कान तरी वाचतील." नातू माझा हाय आणि जीभही माझीच घेतलीय, म्हणून रागावता येत न्हाई.

अक्षरं मला धर्मापुरीच्या देवळातल्या पुराणिकबुवांनी शिकवली. बाप त्यांना शिधा द्यायचा, टोपलं घेऊन मी जायची. टोपलं रिकामं होईस्तोवर दोन अक्षरं. काना-मात्रा शिकायच्या आधीच लग्न झालं, म्हणून त्या मी आपल्या अंदाजानं देते.

आता काय लिहायचं? बियाचं लिहिते. गेल्या साली पाऊस गेला, मागून ताप आला. तापात गहिनीनाथचे आईबाप, माझा लेक आणि सून, एकाच आठवड्यात गेली. त्याचं लिहिणार न्हाई. भावकीच्या चारी घरांनी पेरायची ज्वारी दळून खाल्ली. त्यांना नाव ठेवत न्हाई, पोट सगळ्यांना हाय. मी मात्र एक मडकं राखेत लिंबाचा पाला घालून चुलीमागं पुरून ठेवलं होतं. आमची पांढरी ज्वारी, माझ्या सासूच्या सासूपासूनची. ह्या मडक्याबाहेर तिचा दाणा आता कुठं न्हाई. परळीच्या बाजारात मिळते ती लालसर, तिची भाकरी ताटातून उचलली की मधूनच तुटते.

तर हे मडकं ओढ्याकाठच्या पट्टीत पेरायचं, आणि पुढच्या साली चारी घरांचं बीवाड, म्हणजे पेरायचं बी, त्यातूनच निघायचं. चुकलं तर दुसरं मडकं न्हाई.

त्या पट्टीला एकाच बाईचं खुरपं लागतं, ही आमच्यातली रीत. सासूनं मला पट्टी दिली तवा म्हणाली होती, "दोघींनी खुरपलं की ही म्हणते तण तिनं राखलं, ती म्हणते हिनं. दुसरीचं खुरपं इथं लागू द्यायचं न्हाई." मी आजवर लागू दिलं न्हाई.

अश्विन शुद्ध तृतीया

हस्त लागला. आज बीवाड पेरलं. गहिनीनाथ तिफणीवर, मी चाड्यावर. तिफणीला तीन नळ्या, वर लाकडाची वाटी ते चाडं. त्यात मुठीनं दाणे सोडत बैलांच्या चालीनं चालायचं. मूठ सैल पडली की दाट उगवतं, आवळली की ओळ कोरडी जाते. माझी धाकटी जाऊ साखराबाई शेजारीच राहते. तिनं एकदा हट्टानं चाडं धरलं होतं, तर एका ओळीत जंगल आणि दुसरीत गाडीवाट. अजून सांगते की बैलं लंगडी होती.

धुकं लई होतं. गहिनीनाथला म्हणलं, "धुकं उठू दे, मग जुंपू."

"कुठं हाय धुकं, आजे? लख्ख ऊन पडलंय."

"तुला बांधावरची बायको दिसती का ऊन दिसतंय?"

पोरगं लाजलं आणि बैलं हाकली. बांधावर सत्यभामा पदर तोंडाला लावून हसत होती. ही माझी नातसून. धारूरच्या घाटातली, बाजरीवर वाढलेली. ज्वारीतलं हिला काय कळणार? उन्हाळ्यात लग्न होऊन आली तवा घरात तांदूळ कुठला, म्हणून मडक्यातल्याच पसाभर ज्वारीनं तिची ओटी भरली. घालताना माझा जीव खालीवर झाला. पण घरात येणाऱ्या सुनेची ओटी रिकामी कशी ठेवायची? गच्च बांधून पेटीत ठेव म्हणलं होतं.

हसली तरी दात चांगले हायत पोरीचे.

दसरा

सोनं द्यायला आली आणि साखराबाई बोलली. "तुळजाबाई, पट्टी बघून आले. ओळीत लई नांग्या पडल्यात हो. मधी मधी नुसती मोकळी माती. हात थकला म्हणायचा."

मी म्हणलं, "होले उतरलेत पट्टीवर, दाणे टिपायला. मुंग्याही हायत. माझा हात थकला असता तर तुझं आपट्याचं पान घेतलं असतं का?"

ती गेल्यावर होल्यांना हाकलायला म्हणून पट्टीत जाऊन आले. होले काय दिसले न्हाईत. मला बघूनच उडाले असतील. नांग्याही काय दिसल्या न्हाईत. साखराबाईला दुसऱ्याच्या शेतात मोकळी माती दिसायची सवयच हाय.

अश्विन वद्य द्वितीया

गहिनीनाथ सांगत होता, पट्टी भरून आली. मधल्या नांग्यांतनं कोंब वर आलेत. उशिरा उगवलं तरी उगवलं. हे बी पाखरांना पुरून उरलं. साखराबाईला मुद्दाम हाक मारून सांगितलं. ती म्हणली, "बरं झालं बाई," पण तोंड असं केलं जसं ताकात माशी.

तेलात लई भेसळ करतात आताशी. दिव्याभोवती कडं पडतं. शाईही पाणचट हाय, अक्षर मोठं काढावं लागतं. वही लौकर संपणार.

अश्विन वद्य पंचमी

खुरपणी धरलीय. ह्या पट्टीत कुंदा माजतो. काळ्या मातीत त्याची मुळी हातभर खाली जाते. वरनं कापला तर आठवड्यात परत हसतो. कोवळेपणी कुंदा आणि ज्वारी बहिणीसारख्या दिसतात. ज्वारीचं पान जरा रुंद, एवढाच काय तो फरक. मला बघावंसुद्धा लागत न्हाई, इतकी वर्षं झाली.

सत्यभामा दुपारची भाकरी घेऊन येते ती दिवस कलेपर्यंत हलतच न्हाई. माझ्या मागं, त्याच ओळीत बसून राहते. खुरपं आणलंय का म्हणून रोज बघते. न्हाई, रिकाम्या हातानं येते. "घरी काम न्हाई का गं?" म्हणलं तर म्हणते, "झालं सगळं, मोठ्याई. तुमच्याजवळ बसावं वाटतं." माझ्याजवळ बसावं असं आजवर कुणाला वाटलं न्हाई, माझ्या नवऱ्याला पण न्हाई. काहीतरी मतलब असणार.

नखात माती घेऊन भाकरी वाढते. म्हणलं, "बया, हात धुवून ये. ज्वारी एकदा मातीतनं आली, परत मातीसंगं खायची न्हाई." निमूट ओढ्यावर गेली.

आणि एक खोड. मी उपटलेलं तण बांधावर ढीग करून ठेवते. ओला कुंदा ढोरं आवडीनं खातात. चंद्री कालवड तर त्यावर जीव टाकते. पण ही पोर तो ढीग उचलते आणि ओढ्याच्या पाण्यात सोडून देते. वर दुसऱ्या बांधावर जाऊन गवत कापते आणि ते चंद्रीला घालते. विचारलं तर म्हणते, "तुमच्या ढिगात काटे असतात." माझ्या ढिगात काटे! माझ्या हातच्या कुंद्याचा विटाळ झाला का हिला?

पण भाकरी पातळ करायला शिकली. हे खरं ते लिहायला पाहिजे.

अश्विन वद्य दशमी

आज वाईट झालं.

दिवाळसणाला पोरीला माहेरी धाडायचं म्हणून नवं लुगडं तिच्या पेटीत ठेवायला गेले. ओटीची गाठ हाताला लागली. मोकळी, आत एक दाणा न्हाई.

"सत्यभामा, ओटीतली ज्वारी कुठं हाय?"

मान खाली.

"खाल्लीस?"

"न्हाई."

"मग?"

गप. एवढ्यात साखराबाई दारात. त्या बाईला माझ्या घरातली शांतता पण ऐकू येते. म्हणली, "घाटातल्या लोकांचंही बी बुडालंय म्हणतात. नागपंचमीला हिचा भाऊ येऊन गेला न्हाई का?"

मला ते लागलं. चार घरं त्या दाण्यांवर टांगलेली, आणि ही पसाभर माहेरी धाडते? मी विचारलं, "भावाला दिलंस?" पोरीनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं का न्हाई ते मला दिसलं न्हाई. म्हणली, "माझ्या भावानं मागितलं न्हाई आणि म्या दिलं न्हाई."

"मग दाणे पाय फुटून गेले का?"

तिनं मोकळी गाठ घडी घालून पेटीत ठेवली. मी म्हणलं, "दिवाळीला जा. बोलवीन तवा ये."

गहिनीनाथ मधी बोलायला आला, तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो आल्या पावली बाहेर गेला. नवरा-बायकोचं आपसांत काहीतरी शिजतंय. मला भोळी समजतात.

दिवाळीचा पाडवा

गहिनीनाथ तिला पोचवून आला. ओवाळायला घरात बाई न्हाई म्हणून मीच त्याला ओवाळलं. तो म्हणला, "आजे, तू लई चुकलीस." मी म्हणलं, "मग तूच का न्हाई सांगत बरोबर काय ते?" म्हणला, "मला शपथ घातलीय." चालता झाला.

भाकऱ्या दोघांपुरत्या करायच्या विसरते, एक उरते. ती चंद्रीला जाते. ती एक खूश हाय.

कार्तिक शुद्ध द्वादशी

पट्टीत एकटीच. मागं कुणी बसत न्हाई, बोलत न्हाई, काम कसं झपाझप होतं. रोज मोठा ढीग पडतो, उचलायला कुणी न्हाई म्हणून बांधावरच वाळतो. गहिनीनाथ वरच्या रानात हरभऱ्याला गुंतलाय, त्याला म्हणलं तू इकडं येऊ नको, रीत ती रीत.

आजचा ढीग ना वाळला ना ओढ्यात गेला. भारा बांधून घरी आणला. लई दिवसांनी माझ्या हातचा कुंदा चंद्रीसमोर टाकला. एकही काटा न्हाई.

कार्तिक शुद्ध चतुर्दशी

परवाचं आज लिहिते.

भारा टाकून मी चुलीकडं वळते न वळते तोच चंद्री धापा टाकायला लागली. तोंडाला फेस, पाय लटपटत. खाली बसली ती मान टाकूनच. गहिनीनाथ पळत जाऊन हरिबाला घेऊन आला. हरिबा धनगर, ढोराचं दुखणं त्याला बघता क्षणी कळतं. त्यानं गुळाचं पाणी मागितलं, बांबूच्या नळकांड्यानं तिच्या घशात ओतलं, वर ताक ओतलं, पोट चोळलं. तोंडानं शिव्या चालूच. शेवटी तिनं डोळा उघडला.

हरिबा म्हणला, "म्हातारे, ही किराळ हाय. काय घातलंस हिला?"

कोवळ्या ज्वारीनं ढोराला किराळ लागते, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. माझ्या दावणीत कोवळी ज्वारी कुठनं येणार? म्हणलं, "कुंदा घातला. पट्टीतला, माझ्या हातचा."

त्यानं गव्हाणीतली उरलेली मूठ उचलली. "ह्याला कुंदा म्हणतेस? आगं माय, ही ज्वारी हाय."

"तुझे डोळे फुटले का रं?"

हरिबानं मूठ गहिनीनाथच्या हातात दिली. मी म्हणलं, "सांग त्याला." गहिनीनाथनं मान फिरवली. मग मी ती मूठ घेतली, पान बोटावर आडवं धरलं. रुंद. दुसरं घेतलं. रुंद. मुळाशी चाचपलं, तर फुटलेल्या दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं. कुंद्याला दाणा नसतो.

चंद्री वाचली. एवढंच चांगलं लिहायला हाय.

कार्तिक वद्य प्रतिपदा

सकाळी पट्टीत गेले. आज डोळ्यांवर विसंबले न्हाई. ओळीच्या बाजूनं गुडघ्यावर सरकत ताट न् ताट हातानं बघितलं.

दिवाळीच्या आधी मी ज्या ओळी खुरपल्या, त्यांत ज्वारी आपल्या जागी हाय. एक थोराड ताट, मग एक बारकं, परत थोराड. बारकी ताटं मागून लावलेली, मुळाशी माती बोटांनी दाबलेली. कुंदा एकही न्हाई. पाखरं दाणे टिपतात, पण टिपायचं सोडून सारख्या अंतरावर पेरत न्हाईत. हे मला आधी कळायला पाहिजे होतं.

दिवाळीनंतर मी एकटीनं खुरपलेल्या जागेत कुंदा तेवढा उभा हाय. डौलात.

गहिनीनाथला म्हणलं, "शपथ मोडू नको. मी विचारते, तू नुसती मान हलव. पेरणीतल्या नांग्या तिनं भरल्या?" हलवली. "ओटीतल्या दाण्यांनी?" हलवली. "मी उपटलेली ज्वारी ती मागनं परत लावायची? आणि तण माझ्या मागं काढायची?" हलवली. मग शपथ मोडून म्हणला, "आणि जी जगणार न्हाई ती ओढ्यात टाकायची. चंद्रीला लागू नये म्हणून."

धुकं मला अजूनही दिसतं. कार्तिकात, भर दुपारी. गहिनीनाथला विचारलं न्हाई की बाबा, आज धुकं हाय का. उत्तर माहीत हाय.

कार्तिक वद्य षष्ठी

गहिनीनाथ तिला आणायला गेला होता, एकटाच परत आला. व्याही म्हणले, चोर म्हणून धाडलेली लेक आम्ही निरोपावर परत देत न्हाई. बरोबर बोलले. मी त्यांच्या जागी असते तर जावयाला पाणी पण दिलं नसतं.

गहिनीनाथ जेवला न्हाई. म्हणलं, "जेव. उद्या पहाटे छकडा जुंप. मी येते."

"घाट लई खडकाळ हाय, आजे. तुझी हाडं खिळखिळी होतील."

"जिभेनं केलेलं हाडांनी भरते. जुंप."

कार्तिक वद्य दशमी

घरी आलो. हाडं जागेवर हायत, मोजून घेतली.

धारूरच्या घाटात विहीणबाईंचं घर. जानकीबाई नाव. उंच, आवाज माझ्यापेक्षा चढा. पाणी दिलं, बसा म्हणल्या न्हाईत. मी आपली बसले.

म्हणल्या, "आमची लेक चोर. मग चोराच्या घरचं पाणी कसं चालतं?"

"तहान लागलीय म्हणून चालतं."

"कशाला आलात?"

मी म्हणलं, "एकदाच सांगणार हाय, नीट ऐका. तुमच्या लेकीनं ओटीतलं बी माझ्याच पट्टीत लावलं. माझ्या मुठीतनं जिथं पडलं न्हाई, तिथं. मी ज्वारी उपटत होते, ती लावत होती. मी तिला चोर म्हणले. मला दिसत न्हाई, बाई. पाऊसकाळापासनं दिसत न्हाई. हे मी माझ्या नातवाला पण तोंडानं सांगितलं न्हाई, तुमाला सांगते."

जानकीबाई गप झाल्या. अशा बाईला गप करायचं म्हणजे किती खरं बोलावं लागतं! गहिनीनाथ दारात पाठ करून उभा होता. पोरगं रडकं हाय, बापावर गेलंय.

मग आतनं आवाज आला, "चंद्री कशी हाय?"

"जिवंत हाय. किराळ लागली होती."

सत्यभामा बाहेर आली. कंबरेला पदर खोचलेला, हात पिठाचे. म्हणली, "म्हणजे ढीग घरी नेलात. आणि पट्टी? पट्टीत आता कोण हाय?"

"कुंदा हाय."

ती आईला म्हणली, "आये, माझी पेटी दे."

जानकीबाई म्हणल्या, "आगं, जेवून तरी जा."

जेवलो. बाजरीची भाकरी होती. बरी होती. तशी चांगलीच होती.

वाटेत छकड्यात तिला विचारलं, "का न्हाई सांगितलंस? मोठ्याई, तुमाला दिसत न्हाई, एवढं म्हणायला काय होतं?"

म्हणली, "तुमी ऐकलं असतं?"

"न्हाई."

"मग कशाला सांगू? तुमचं शेतात येणं मात्र बंद झालं असतं."

थोडं पुढं गेल्यावर म्हणलं, "पण रीत मोडलीस. दुसरीचं खुरपं लागायचं न्हाई, असं मी बजावलं होतं."

"खुरपं कुठं लावलं, मोठ्याई? समदं हातानं केलं. बघत होतात ना तुमी रोज?"

गहिनीनाथ इतका हसला की बैलं थांबली. मी तिच्या हाताची बोटं घेऊन बघितली. नखं मातीनं फाटलेली, कुंद्याच्या मुळीनं पेरावर चिरा. मी ह्या हातांना ओढ्यावर धुवायला धाडलं होतं.

घरी आल्यावर तिच्या भाकरीवर तूप वाढलं. तिनं बघितलं तर म्हणलं, "लोटकं कलंडलं."

कार्तिक वद्य त्रयोदशी

एकटीनं खुरपलेल्या जागेत आता ज्वारी लावायची वेळ गेली. सत्यभामा म्हणली, "कडंच्या दाट जागेतली रोपं उचलून लावून बघू का? न्हाई तर येळवशीला लोक विचारतील." मी म्हणलं, कुंदा खणून काढ, जागा तशीच राहू दे. विचारू देत.

येळवस

मार्गशीर्षातली अवस. सगळं गाव आपापल्या शेतात. कडब्याची खोप केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. भाज्या निवडताना मला दूर बसवलं होतं, कारण मी चाकवतात काय घालीन सांगता येत न्हाई असं गहिनीनाथ म्हणतो. आता घरात सगळ्यांना माझ्यावर बोलायची मुभा झालीय.

चारी घरं जेवायला आमच्या पट्टीवर. ज्वारी पोटऱ्यात आलेली, वाऱ्यावर सळसळ आवाज. मला हिरवं तेवढं दिसतं, बाकी ऐकू येतं. मधी एक उजाड तुकडा, जेवणाचं पान पसरावं तसा.

साखराबाई पट्टीला चक्कर मारून आली. म्हणली, "पट्टी लई सुरेख साधलीय हो तुळजाबाई. ताटाला ताट लागून हाय. हाताला अजून गुण हाय तुमच्या. पण मधी तेवढी जागा कशी उघडी राहिली?"

मी म्हणलं, "तिथं मी एकटी होते."

सगळे हसले. मी परत सांगितलं, "खरं सांगते. जिथं पीक दिसतंय तिथं सत्यभामा माझ्या मागं होती. उघडं हाय तिथं मी एकटी." आणखी मोठ्यानं हसले. हरिबानं तर आंबिलीचं गाडगं सांडलं. जन्मभर तिरकं बोललं की असं होतं, सरळ बोललेलं पण लोक तिरकंच धरतात.

सत्यभामा तेवढी हसली न्हाई. माझ्या पानात भज्जी वाढत कानाशी म्हणली, "जाऊ द्या की, मोठ्याई."

जाऊ देणाऱ्यातली मी न्हाई. येळवशीला दाणा नसतो. खळ्यावर बघू.

माघ वद्य पंचमी

आज बीवाडाची कणसं बडवली. मोठ्या खळ्यावर बैलांच्या पायाखाली ती घालत न्हाईत, काठीनं हलक्या हातानं बडवतात. त्याआधी निवड. सत्यभामा पट्टीतनं एक एक कणीस तोडून आणायची, मी बांधावर बसून चाचपायची. कणीस घट्ट हाय का, दाणा टपोरा हाय का, बुडखा भरलाय का. तिनं आणलेल्यातलं एकही बाद निघालं न्हाई. एक मुद्दाम बाद केलं, उगं माजू नये म्हणून. तिनं ते हळूच परत ढिगात सरकवलं. मला दिसलं न्हाई, पण बांगडी वाजली.

दिवस वर आला तसे चारी घरचे टोपल्या घेऊन आले. साखराबाई सगळ्यांत पुढं, टोपलं सगळ्यांत मोठं.

मी म्हणलं, "थांबा. सत्यभामा, पदर पसर."

साखराबाई म्हणली, "आता गं बया! खळ्यावर ओटी? लग्न होऊन साल व्हायला आलं पोरीचं."

"मी भरलेली ओटी तिनं ह्या मातीत घातली. तुमच्या चारी टोपल्यांत आज जे पडणार हाय, त्यात तिची ओटी हाय. म्हणून आधी तिची, मग तुमची. येळवशीला तुमी हसलात. आता हसा."

कुणी हसलं न्हाई. हरिबानं डोक्यावरचं मुंडासं काढून परत बांधलं, त्याला काय करावं सुचेना की तो ते करतो. मी दोन्ही हातांनी पसा भरला आणि तिच्या पदरात ओतला. मग आणखी एक. दाणे पडताना त्यांचा आवाज चांगला होता, कोरडा, भरलेला. साखराबाई जराशानं पुढं आली. मला वाटलं आता काहीतरी बोलते. तिनं कपाळाला लावायच्या कुंकवाची कुयरी काढली आणि पोरीला बोट लावलं. कुयरी संगं घेऊनच फिरते बाई. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

सत्यभामेनं गाठ मारली. मी म्हणलं, "ह्या खेपेला पेटीत नीट ठेव. परत पेरून येऊ नको."

तर म्हणते, "पुढच्या साली नांग्या पडल्या तर?"

"पडतील कशा? हस्तात चाडं तुझ्या हातात असणार हाय."

खळ्यावर एकदम सगळे टोपल्या मांडायला लागले.

मग खाली बसून माझ्या पायाजवळचे सांडलेले दाणे वेचत तिनं विचारलं, "आणि खुरपणीला तुमी, मोठ्याई?"

म्हणलं, "येईन. तुझ्या मागं बसेन. खुरपं आणायची न्हाई."